वेस्टाचा दगड आणि धुळ्याची गल्ली

२९ जून १८४३ रोजी खानदेशात, एदलाबादजवळच्या मानेगावात, आकाशातून दगड पडला. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. उल्का जिथे पडते त्या जागेचे नाव तिला लावायचे, असा जगभरच्या अभ्यासकांचा रिवाज आहे. त्यामुळे उल्कांची कुठलीही मोठी यादी उघडा, तिच्यात मानेगाव सापडते. ही उल्का डायोजेनाइट जातीची. या जातीचे दगड पृथ्वीवर फार थोडे पडलेले दिसले आहेत आणि ते वेस्टा नावाच्या लघुग्रहावरून आले असावेत असे मानतात. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरणारा हा लघुग्रह. व्यास सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून निघालेली गाडी भुसावळ सोडून बऱ्हाणपूर मागे टाकते तेवढे अंतर. कधी काळी त्याच्या दक्षिण टोकाला अशी धडक बसली की जवळजवळ त्याच्या व्यासाएवढाच खड्डा पडला आणि तुकडे अवकाशात उधळले. २०११ मध्ये नासाचे डॉन यान वेस्टाभोवती फिरू लागले आणि त्याच्या मोजमापांनी या समजुतीला चांगलेच बळ दिले. दुसऱ्या जगाचा एक कपचा आपल्या पूर्णेच्या काठी येऊन पडला आहे, आणि ही गोष्ट मी आजवर कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचलेली नाही.

तिथे येते ते वेगळेच. 'तुम्हाला माहीत आहे का?' अशा मथळ्याचा निरोप रोज सकाळी हजर. चीनची भिंत अवकाशातून नुसत्या डोळ्यांनी दिसते. युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवले. शहामृग घाबरला की वाळूत डोके खुपसतो. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये परत आला आणि आपल्याला भिंत दिसली नाही असे त्याने सरळ सांगितले, तरी भिंत दिसायची थांबलेली नाही. युनेस्कोने असा निवाडा कधी केलेला नाही. शहामृगाबद्दल तर बोलायलाच नको.

या जागतिक मालाबरोबर घरचा मालही येतो. जळगाव देश असता तर केळीत जगात सातवा. धुळे विश्वेश्वरय्यांनी वसवले. न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी चाळीसगावजवळ गुरुत्वाकर्षणाचा शोध. बहिणाबाईंच्या अहिराणी कविता. खाली एखादा भाबडा विचारतो, 'हाई खरं शे का भो?' त्याला उत्तर मिळत नाही, अंगठा मिळतो. माझी तक्रार अशी आहे की यातली बरीच वाक्ये अर्धी खरी आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात त्याहून नवलाची पूर्ण खरी गोष्ट दडलेली आहे. पहिला, सातवा, सर्वांत मोठा असल्या शिक्क्यांनी ती झाकून जाते. म्हणून हा आढावा.

केळीपासून सुरुवात करू. सातव्या क्रमांकाचे वाक्य भाषणात फेकायला फार सोपे आहे. पण तो क्रमांक काढायचा कसा? देशांचे आकडे कोणत्या वर्षाचे घ्यायचे, जिल्ह्याचा आकडा कोणी मोजला, आफ्रिकेत शिजवून खातात ती केळी यादीत धरायची की सोडायची, यावर जळगाव वर-खाली सरकते. जगात सर्वांत जास्त केळी भारतात पिकतात आणि महाराष्ट्रात या पिकात जळगाव जिल्हा पुढे आहे, एवढे निर्विवाद. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भरताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मिळाले, आणि खरे सांगायचे तर खानदेशी माणसाच्या लेखी ती बातमी मोठी.

खरे नवल झाडात आहे. मुळात ते झाडच नव्हे. ज्याला आपण खोड म्हणतो ती पानांच्या बुडांची एकावर एक बसलेली गुंडाळी असते, त्यात लाकूड नसते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात केळ ही एक प्रचंड शाकीय वनस्पती आणि फळ 'बेरी' जातीचे. स्ट्रॉबेरी मात्र त्या व्याख्येत बसत नाही. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला यातले काही नवीन नाही. घड उतरवला की ते खोड एका घावात आडवे होते हे तो रोज पाहतो. त्याची विभागणी निराळी आहे: मृगबाग की कांदेबाग, नवी लागवड की पिलबाग, मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, ठेवायचे की काढायचे. खायच्या केळ्यात रुजणारे बी नसते. त्यामुळे मुनव्यापासून किंवा प्रयोगशाळेतल्या टिश्यू कल्चर रोपापासून जे उगवते ते आधीच्याच रोपाची नक्कल असते. रावेरच्या शेतातली ग्रँड नैन आणि दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरची ग्रँड नैन या अर्थाने एकच. याचा धोकाही उघड आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची जात होती. पनामा रोगाने तिच्या बागा उजाडल्या आणि व्यापाऱ्यांना कॅव्हेंडिश गटाकडे वळावे लागले.

इथे गोष्ट जरा लांबच्या वळणाने भुसावळला येते. जळगावची जुनी बसराई काय किंवा आजची ग्रँड नैन काय, दोन्ही याच कॅव्हेंडिश गटातल्या. हे नाव एका इंग्रज उमरावाचे. डेव्हनशरचा सहावा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश याच्या चॅट्सवर्थ येथील काचघरात १८३० च्या दशकात जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने मॉरिशसहून आलेले केळीचे रोप वाढवले, त्याला घड आणला आणि मालकाचे नाव दिले. गैरसमज नको. आपली केळी चॅट्सवर्थहून आलेली नाही. ही जात मुळात आशियातलीच, तिकडचे फक्त नाव. पण या पॅक्स्टनला काचघरे बांधायचा नाद लागला होता. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी लोखंड आणि काच यांचा अवाढव्य क्रिस्टल पॅलेस त्यानेच आखला. पुढे तो उचलून सिडनहॅमला नेऊन उभा केला.

त्याच सुमाराला, १८४४ पासून, मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांत मशाली आणि आरशांच्या उजेडात भिंतीवरच्या चित्रांच्या मोठ्या प्रती रंगवत होता. वर्षानुवर्षे. गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांची कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. अजिंठा गावात पारोची कबर आहे. त्या प्रती विलायतेला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि थोडक्या सोडून सगळ्या जळाल्या. म्हणजे जळगावच्या केळीला जगातले नाव ज्याने दिले, त्याच माणसाच्या काचेच्या महालात अजिंठ्याची चित्रे राख झाली. पुढे जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. लेण्यांत मात्र मूळ चित्रे होती तिथेच राहिली. पहिल्या आगीनंतर गिल पुन्हा कामाला लागला होता. १८७९ मध्ये आजारी अवस्थेत तो भुसावळला आला आणि तिथेच वारला. त्याची कबर भुसावळात आहे. पारोची समाधी पाहायला जाणाऱ्यांपैकी किती जण तिथे वळतात, हे गाडीवाल्यांना विचारून पाहावे.

आता धुळे. आखीव शहर, सरळ रेषेतल्या गल्ल्या, त्यांना नावाऐवजी क्रमांक. 'गल्ली नंबर चारमध्ये राहतो' हे वाक्य धुळेकराच्या तोंडी जितके सहज, तितके बाहेरच्याला चमत्कारिक. हे सगळे विश्वेश्वरय्यांचे, असे छातीठोक सांगतात. विश्वेश्वरय्या जन्मले १८६०-६१ मध्ये. पेशवाई बुडाल्यावर खानदेशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. त्याने १८१९ मध्ये धुळे हे मुख्य ठाणे केले आणि जुन्या गावाला लागून नवी पेठ आखायला घेतली. नंबरच्या गल्ल्यांचे मूळ त्या आखणीत आहे. हाच ब्रिग्ज पुढे फरिश्ताच्या फार्सी इतिहासाचा इंग्रजी अनुवादक म्हणून विद्वानांत प्रसिद्ध झाला. गल्ल्या आखणाऱ्या हाताने खानदेशच्या फारुकी सुलतानांचा इतिहासही इंग्रजीत नेला, हे मला नकाशापेक्षा गमतीचे वाटते.

मग विश्वेश्वरय्यांचे नाव कुठून चिकटले? ते हवेतून आलेले नाही. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते रुजू झाले तेव्हा चोविशीही ओलांडली नव्हती. सुरुवातीच्या कामांपैकी एक त्यांना मिळाले ते याच भागात. साक्री तालुक्यातल्या दातर्तीला पांझरेवर नळाचा सायफन टाकायचा होता. भर पावसाळ्यातल्या त्या कामाबद्दल त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. म्हणजे जगप्रसिद्ध इंजिनियरचा हात ज्या पाण्यात पहिल्यांदा भिजला त्यात पांझरेचे पाणी आहे. शहर वसवल्याची खोटी बढाई सोडली तर हाती ही खरी गोष्ट येते.

आणि त्या पांझरेवर त्यांच्या आधी कितीतरी पिढ्या इंजिनियर नावाचा प्राणी नसताना एक व्यवस्था चालू होती. फड पद्धत. माझ्या मते खानदेशाच्या सगळ्या नवलाईत हिचा नंबर पहिला, आणि हिच्याबद्दलच सर्वांत कमी बोलले जाते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून पाट काढले. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडले. तेच फड. एका फडात एका वेळी एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात आठमाही, तिसऱ्यात हंगामी, आणि पाळी दरवर्षी फिरती. मेख पुढे आहे. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाऊस कमी झाला तर पंच ठरवतात की यंदा अमुक फडाला पाणी नाही. तो फड कोरडा राहिला की सगळ्यांचेच थोडे कोरडे राहते. एकट्याची जमीन करपली आणि शेजारच्याची हिरवी राहिली असे होत नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला गाव देई. पाटकऱ्याने कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी सोडायचे हा शेतकऱ्याचा प्रश्नच नव्हता, कारण अख्खा फड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने भिजे. सामाईक साधने लोक स्वतः सांभाळू शकतात, हे दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या अभ्यासात स्पेनचे पाट होते, स्वित्झर्लंडची कुरणे होती. साक्रीच्या एखाद्या जुन्या पाटकऱ्याला तो निष्कर्ष वाचून दाखवला असता तर त्याने विडी शिलगावून म्हटले असते, मग इतके दिवस आम्ही काय करत होतो? विहिरी वाढल्या, मोटारी आल्या, वर धरणे झाली, तशी ही पद्धत बहुतेक ठिकाणी मोडत गेली.

चाळीसगावजवळ, गौताळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवी. येथे भास्कराचार्य जन्मले, असे फलक सांगतात. त्यांनी स्वतः आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने असलेले विज्जडविड असे दिले आहे आणि ते गाव नेमके कोणते यावर विद्वानांची भांडणे मिटलेली नाहीत. विजापूरवालेही हक्क सांगतात. शिवाय 'न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षण'. गोलाध्यायात पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे असे भास्कराचार्य म्हणतात, हे खरे. पण अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाईवर येते, हे गणित तिथे नाही, आणि न्यूटनचे काम ते गणित आहे. भास्कराचार्यांना न्यूटनची उसनी पगडी घालायची गरजच काय, हे मला कळलेले नाही.

पाटणादेवीच्या पाटणला जे आहे ते दगडावर कोरलेले आहे. मुंबईचे डॉक्टर आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तिथला शिलालेख प्रकाशात आणला. शके ११२८ चा, म्हणजे १२०७ च्या आसपासचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. त्याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी वगैरे ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले, असे लेखात आहे. एखाद्या गणितज्ञाचे ग्रंथ शिकवण्यापुरती संस्था, तीही आठशे वर्षांपूर्वी! लेख संस्कृतात सुरू होतो आणि शेवटी जुन्या मराठीत उतरतो. कारण तिथे विषय बदलतो. ग्रहगणित संपून बाजार येतो: देवघेवीतून मठाला काय द्यायचे, कोणत्या मापाने मोजायचे. देवांची स्तुती संस्कृतात आणि तेलातुपाचा हिशेब मराठीत, ही वाटणी तेव्हाही होती.

भास्कराचार्यांच्या लेकीची गोष्ट सर्वांना तोंडपाठ आहे. लग्नाचा मुहूर्त, पाण्यातले घटिकापात्र, त्याच्या छिद्रात अडकलेला मोती, टळलेली वेळ आणि मुलीच्या समाधानासाठी लिहिलेली 'लीलावती'. ही गोष्ट मिळते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फार्सी भाषांतराच्या प्रस्तावनेत, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशे वर्षांहून अधिक काळाने. आणि १५९१ मध्ये अकबराने याच फैजीला वकील म्हणून कुठे पाठवले? खानदेशाच्या राजा अली खानाकडे, बऱ्हाणपूरला. भास्कराचार्यांच्या ग्रंथाचा दिल्लीकडचा भाषांतरकार त्यांच्या नातवाच्या मठापासून काही मजलांवर येऊन राहिला होता. त्याला तो मठ ठाऊक असल्याची खूण मात्र कुठे नाही.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे म्हणून आपण त्याला परके मानतो, पण फारुकींची राजधानी तीच होती. १६०१ मध्ये अशीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. अकबराने सुभ्याला आपल्या धाकट्या मुलाचे, दानियालचे, नाव दिले: दानदेश. नाव टिकले नाही, आणि दानियालही. बापाने दारू बंद केली, पहारे बसवले. तेव्हा एका माणसाने बंदुकीच्या नळीत भरून दारू आत नेली. नळीतली जुनी दारूगोळ्याची काजळी आणि गंज त्यात उतरला आणि शाहजादा गेला. ही हकीकत त्याचा भाऊ जहांगीर याने आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. ती दानियालची लाडकी शिकारी बंदूक होती, आणि तिला त्याने जे नाव दिले होते त्यात 'जनाजा' हा शब्द होता. एखाद्या कादंबरीकाराने असे लिहिले असते तर संपादकाने ओढूनताणून म्हणून काट मारली असती.

धुळ्याच्या तुरुंगाची गोष्ट त्यामानाने माहितीची, पण तिचे गणित फार जण मांडत नाहीत. १९३२ मध्ये विनोबा तिथे कैदी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी त्यांनी गीतेवर एक प्रवचन दिले. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून साने गुरुजी लिहून घेत होते. 'गीताप्रवचने' हे पुस्तक त्या लेखणीमुळे वाचले, एरवी ते बराकीच्या भिंतीत विरले असते. पुढच्याच फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्याच हाताने पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. मराठीतल्या दोन सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांना वर्षभराच्या आत सरकारी खर्चाने कागदावर उतरायची सोय झाली, असेही म्हणता येईल.

गुरुजी अमळनेरचे मास्तर. अमळनेर म्हटले की विप्रो, आणि विप्रो म्हटले की 'गावातला प्रत्येक जण करोडपती'. कंपनी १९४५ च्या डिसेंबरात वनस्पती तूप आणि तेलासाठी निघाली आणि अनेक घरांत तिचे जुने समभाग होते हे खरे, प्रत्येक जण मात्र नाही, एकदा एस.टी. स्टँडवर उतरून पाहिले की पुरे. त्याच गावात १९१६ मध्ये प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर काढले. विसाव्या शतकातले भारताचे मोठे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचे 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हे इंग्रजी पुस्तक १९३० मध्ये कलकत्त्याहून नव्हे, अमळनेरहून प्रसिद्ध झाले. परदेशी विद्यापीठांतल्या संदर्भसूचीत अमळनेर हे नाव आजही छापले जाते. तेलामुळे नव्हे.

काही गोष्टी नुसत्या नोंदवून पुढे जातो. काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन फैजपूरला, १९३६ च्या डिसेंबरात. बांबूच्या मंडपाची सजावट नंदलाल बोसांची. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, तो साताऱ्याकडच्या प्रतिसरकारच्या मंडळींनी येऊन. जगातला सर्वांत उंच, १८२ मीटरचा पुतळा गुजरातेत उभा आहे. तो घडवणारे राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे. हा 'सर्वांत' मात्र मोजून खरा.

रेल्वेच्या रुळांलगत आणखी दोन माणसे आहेत. १९०७ मध्ये जळगावात कविसंमेलन भरले. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा ठोमरे नावाचा मुलगा तिथे कविता म्हणून गेला आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटले. ५ मे १९१८ रोजी जळगाव आणि भुसावळ यांच्या मधल्या भादली स्टेशनवर गाडीखाली सापडून बालकवी गेले. अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आज गाड्या भादलीवरून धडधडत जातात, थांबतात त्या थोड्या. दुसरे केकी मूस. चाळीसगाव स्टेशनजवळच्या बंगल्यात जवळपास पन्नास वर्षे हा छायाचित्रकार क्वचितच उंबरा ओलांडत राहिला. टेबलावर कापूस, वाळू, काटक्या मांडून त्याने डोंगर आणि बर्फ उभे केले आणि फोटो काढले. पाहणाऱ्याला ते खरे वाटले. पंजाब मेलने येणार असलेल्या मैत्रिणीची तो रोज रात्री वाट पाही, असे सांगतात. गोष्ट सुंदर आहे, म्हणून मी तिच्याकडे जरा संशयाने पाहतो. टेबलावरचे डोंगर मात्र कलादालनात आजही पाहता येतात.

बहिणाबाईंचे राहिले. त्यांच्या कविता अहिराणीत आहेत हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांकडून इतक्यांदा ऐकले आहे की आता दुरुस्त करायचा कंटाळा येतो. ती असोदा-जळगावकडची लेवा समाजाची बोली, लेवागणबोली. अहिराणीच्या कानाला ती वेगळी कळते. धुळ्याच्या माणसाचे 'शे' तिथे नाही. आणि अहिराणी? ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिली भाषांच्या खंडात बसवले. जनगणनेतही खानदेशी ही मराठीहून निराळी भाषा म्हणून मोजतात. २०११ च्या मोजणीत ती मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार भरले, २००१ पेक्षा कमी. बोलणारे घटले की सांगताना लाजणारे वाढले, हे आकड्यातून कळत नाही. मला दुसरे कारण जास्त खरे वाटते. मोजणीदार दारात आला की आपण ओसरीवरची भाषा आत ठेवतो आणि शाळेची बाहेर काढतो.

या सगळ्याला एक जुना उपाय आहे आणि त्याचा पत्ता धुळ्याचाच आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे गोळा करत. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले आणि लगेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. कागद दाखवा, मग बोला, हा त्यांचा खाक्या. मानेगावच्या दगडाचा कागद परदेशी याद्यांत आहे. गावातली आठवण मात्र मी कुठे छापलेली पाहिली नाही. तेव्हा मुक्ताईनगर, बोदवड, रावेर या बाजूला कुणाच्या आजीकडून किंवा पणजोबांकडून आकाशातून पडलेल्या दगडाची गोष्ट घरात आली असेल, तर ती सांगणाऱ्याच्या नावगावासह, अहिराणीत असेल तर अहिराणीत, वहीत उतरवून घ्या आणि वही धुळ्याला राजवाडे मंडळात नेऊन द्या.